फुकटची गाय, विकतचा खिळा

फार्मव्हिलमध्ये शेजाऱ्याला गाय देता यायची, विकता यायची नाही. आणि दिली तरी देणाऱ्याच्या गोठ्यातून काही कमी होत नसे. यादीतून गाय निवडायची, मित्रांच्या नावांपुढे खुणा करायच्या, बटण दाबायचं. जितकी नावं तितक्या गाई. दुसऱ्या दिवशी त्यातले काही जण उलट काहीतरी धाडायचे, बहुतेक वेळा एखादं झाड. ज्याला गाय नको असेल त्याने ती खेळालाच चिल्लर भावात विकून टाकायची. एका माणसाने दुसऱ्याला काही विकलंय, भाव पाडून मागितलंय, उधार ठेवलंय, असं त्या अख्ख्या खेळात कधी घडलं नाही. तशी सोयच नव्हती.

सॅन फ्रान्सिस्कोच्या झिंगा कंपनीने जून 2009 मध्ये हा खेळ फेसबुकवर आणला आणि वर्ष उलटायच्या आत महिन्याकाठी 8 कोटींहून जास्त माणसं त्यात शेती करू लागली. त्यात पुण्यातल्या आमच्या ऑफिसचा हिशेब विभागही होता. घरी तेव्हा नेट यथातथाच, त्यामुळे शेती व्हायची ती ऑफिसच्या वेळेत, आणि पिकं निवडायची ती ऑफिसच्या घड्याळाप्रमाणे. स्ट्रॉबेरी चार तासांत तयार व्हायची. म्हणजे दहाला आल्या आल्या पेरायची, डबा खाऊन झाल्यावर दोनला काढायची, लगेच परत पेरायची आणि सहाला निघताना दुसरं पीक घ्यायचं. नांगरटीला 15 नाणी, बियाण्याला 10, विक्री 35. एका वाफ्यामागे 10 नाणी सुटायची. हिशेबनिसांचा विभाग असल्यामुळे हे गणित सगळ्यांना तोंडपाठ होतं. महिनाअखेरीचा ताळा जुळायला रात्र व्हायची, पण स्ट्रॉबेरी कधी चुकली नाही. शुक्रवारी निघताना मात्र गहू टाकायचा, कारण त्याला जवळपास तीन दिवस लागत. शनिवारच्या भरवशावर स्ट्रॉबेरी टाकली तर सोमवारी सगळं शेत वाळून करडं झालेलं दिसायचं. मग परत नांगरट, परत 15.

शेजारी म्हणजे कोण, तर ज्यांना आपण आधीपासून ओळखतो ते. फेसबुकवर मित्र असल्याशिवाय शेजार मिळत नसे. माझ्या शेताच्या खालच्या पट्टीत ओळीने बसलेले चेहरे अजून आठवतात: टेबलापलीकडचा सहकारी, त्याची बायको, शाळेतल्या दोन मैत्रिणी, आमचे साहेब (हो, साहेबसुद्धा, आणि त्यांच्या शेतात एवढी झाडं की चालायला वाट नाही), न्यू जर्सीची मावसबहीण. आमची सकाळ म्हणजे तिची मध्यरात्र. मी ऑफिसात येऊन शेत उघडलं की तिने झोपण्यापूर्वी घालून ठेवलेलं खत पिकावर चमचमत असायचं. खत घातलेल्या रोपांवर तशी चांदणी उमटायची. तिचं लग्न होऊन ती तिकडे गेल्यापासून आमचं बोलणं दिवाळी आणि वाढदिवस एवढ्यावर आलं होतं. फार्मव्हिलमुळे ते वाढलं असं म्हणायचा मोह होतो, पण नाही वाढलं. रोज एकमेकींच्या शेतात जाऊन यायचो, फोन मात्र दिवाळीलाच. फक्त ती त्या रात्री जागी होती, तिने आपल्या शेतात चक्कर मारली, एवढं कळायचं. तेव्हा तेवढंही पुष्कळ वाटायचं, आणि आता मागे वळून बघताना तर उगाचच जास्त वाटतं.

या भेटवस्तूंचा सगळा प्रकार दिवाळीच्या फराळाच्या ताटासारखा होता. शेजारणीचं ताट रिकामं परत करायचं नसतं, म्हणून आपल्या चार करंज्या, आणि तिला आपलं ताट रिकामं देता येत नाही म्हणून तिच्या चार चकल्या. फरक इतकाच की करंज्या लाटायला कंबर मोडते. फार्मव्हिलमध्ये ती मोडत नव्हती. गाय कंपनीच्या गोदामातून यायची, मी फक्त पाठवणाऱ्याच्या जागी सही करायची. त्यामुळे कुणी कुणासाठी काय केलं, याचं वजन कधी तयारच झालं नाही. साहेबांनी मला तबेल्यासाठी विटा पाठवल्या, मी त्यांना खिळे पाठवले. दोघांच्याही खिशाला तोशीस नाही. कुणी भेट पाठवायची थांबली तर राग येत नसे, कारण तिने काही राखून ठेवलंय असं वाटायला तिच्याकडे मुळात काही होतंच कुठे?

शेजाऱ्यांची गरज मात्र खेळाने पक्की करून ठेवली होती. जमीन वाढवायची तर अमुक इतके शेजारी दाखवा, नाहीतर खरे पैसे मोजून मिळणारी फार्म कॅश भरा. गोठा, तबेला बांधायचा तर माणसं बोलवा किंवा पैसे टाका. म्हणजे शेजार हे एक प्रकारचं चलनच होतं, आणि ते मिळवायला लोक काहीही करायचे. ज्याच्याशी दहावीनंतर बोलणं नाही त्याला विनंती. नवऱ्याच्या नावाने खातं काढून स्वतःच चालवायचं. फेसबुकच्या भिंतीवर दर थोड्या वेळाने कुणाच्या तरी शेतात हरवलेलं, रडवेलं, कुरूप बदकाचं पिल्लू यायचं आणि त्याला कोणी घर देईल का म्हणून विचारणा व्हायची. न खेळणाऱ्यांना याचा जो वैताग आला त्याला सीमा नाही. 2010 च्या सुरुवातीला फेसबुकने खेळांच्या सूचनांना लगाम घातला. त्याच वर्षी ‘टाइम’ने जगातल्या सगळ्यात वाईट 50 शोधांची यादी काढली, त्यात फार्मव्हिलला जागा दिली. इयान बोगोस्ट या अमेरिकन प्राध्यापकाने तर चिडून ‘काऊ क्लिकर’ नावाचा खेळच बनवला: एक गाय, सहा तासांतून एकदा तिच्यावर क्लिक करायचं, मित्रांच्या गाई आपल्या कुरणात आणायच्या, बस्स. टिंगल म्हणून केलेल्या त्या खेळाला हजारो माणसं मनापासून चिकटली. शेवटी त्याला सगळ्या गाई नाहीशा करून टाकाव्या लागल्या.

फार्मव्हिलने ही चाल स्वतः शोधली होती असंही नाही. चीनमध्ये 2008 पासून ‘हॅपी फार्म’ गाजत होता आणि त्यातला शेजारधर्म म्हणजे चोरी. दुसऱ्याची भाजी तयार झाली की तो येण्याआधी उचलायची. लोक त्यासाठी मध्यरात्री गजर लावून उठायचे. फार्मव्हिलच्या थोडंच आधी आलेल्या ‘फार्म टाऊन’मध्ये मजुरी होती: माणसं बाजारात उभी राहून काम मागायची आणि शेतमालक त्यांना कापणीला घेऊन जायचा. या दोन्हींत माणसामाणसांत काहीतरी प्रत्यक्ष घडत होतं, मग ते भांडण का असेना. झिंगाने चोरी काढली, मजुरी काढली, भाव काढला. उरली ती गोड, निरुपद्रवी गाय. मला वाटतं, आपल्याकडे खेळ घरोघरी शिरला तो त्यामुळेच. आत्यापासून साहेबांपर्यंत कुणालाच त्यात कुणाशी वाकडं यायची भीती नव्हती.

31 डिसेंबर 2020 ला फार्मव्हिल बंद झालं. ज्या फ्लॅशवर ते चालायचं त्याची साथ अडोबीने त्याच दिवशी सोडली. पण आमच्यातल्या बहुतेकांनी शेती कधीच सोडली होती. म्हणजे टाकून दिली नव्हती, दुसऱ्या गावाला नेली होती.

ते गाव म्हणजे ‘हे डे’. फिनलंडच्या सुपरसेलने 2012 मध्ये तो काढला, आधी आयफोन-आयपॅडसाठी आणि पुढच्या वर्षी अँड्रॉइडवर. मला तो सांगलीच्या वहिनींनी दाखवला. फोन हातात धरून, चष्मा डोक्यावर सरकवून, त्या कुणाला तरी बोल्ट मागत होत्या. पहिल्या दिवशीच दोन गोष्टी खटकल्या. एक म्हणजे पीक वाळत नाही. तयार झालेलं शेत चार दिवस तसंच डोलत उभं राहतं. स्ट्रॉबेरीच्या घड्याळावर वाढलेल्या माणसाला ही ढिलाई पटत नाही. आणि दुसरं, गहू दोन मिनिटांत येतो. दोन मिनिटांत! शुक्रवारी संध्याकाळी टाकून सोमवारपर्यंत ज्याची वाट पाहिली तोच गहू.

पण खरा बदल रस्त्याकडेला होता. सातव्या पातळीवर शेताबाहेर एक लाकडी दुकान मिळतं. त्यात खोकी मांडलेली. एका खोक्यात एका जातीचा माल, जास्तीत जास्त दहा नग, भाव आपण लावायचा. भावाला वरची मर्यादा खेळाने ठरवलेली: दहा गव्हाचे 36 नाण्यांच्या वर मागता येत नाहीत. खाली मात्र कितीही उतरा, एका नाण्यालाही द्या. पाच मिनिटांतून एकदा फुकट जाहिरात करता येते आणि ती खेळातल्या वर्तमानपत्रात छापून येते. ते वर्तमानपत्र म्हणजे या खेळाचं काळीज. पानं उलटत बसायचं: कुणाचं लोणी, कुणाची नीळ, कुणाचा ऊस. टिचकी मारली की थेट त्या माणसाच्या दारात. तिथली बाग बघता येते, कुत्री बघता येतात, पण त्याच्याशी बोलता येत नाही. फक्त घ्यायचं आणि निघायचं.

खिळे, स्क्रू, बोल्ट, फळ्या, चिकटपट्टी या चिल्लर वस्तूंवर इथली सगळी गावं चालतात. कोठार वाढवायला बोल्ट, फळी आणि चिकटपट्टी. धान्याची कणगी वाढवायला खिळा, स्क्रू आणि लाकडी पाट. आणि यातलं काही पिकत नाही. कापणी करताना, कोंबड्यांची अंडी काढताना अवचित एखादा हाती लागतो. म्हणून अनुभवी लोक सगळ्या शेतात दोन मिनिटांचा गहू पेरत आणि कापत बसतात, बोल्टाच्या आशेने. मग कणगी गव्हाने फुटायला येते. तो गहू एका नाण्याला दहा असा काढायचा, त्याचीच जाहिरात द्यायची आणि शेजारच्या खोक्यात महागाचं चीज ठेवायचं. स्वस्त गव्हाला भुलून गिऱ्हाईक येतं, आल्यासारखं चीज घेऊन जातं. ही शक्कल वहिनींनी मला शिकवली तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो फार्मव्हिलच्या कुठल्याही गाईने कुणाच्या चेहऱ्यावर आणलेला मी पाहिला नाही.

कमाल भावाला लावलेला बोल्ट वर्तमानपत्रात आला की डोळ्याचं पातं लवायच्या आत जातो. तुम्ही त्या शेतावर पोचेपर्यंत खोकं रिकामं, वर घेणाऱ्याचा फोटो. आपण पान उघडलं त्या क्षणी जगाच्या दुसऱ्या टोकाला आणखी कोणीतरी तेच पान उघडून बसलं होतं. कधी नाव तुर्की, कधी अरबी लिपीतलं, कधी नुसती फुलं आणि बदामांची चित्रं. बोलणं शून्य, पण मला त्याचा राग येतो. खरा राग. फार्मव्हिलमध्ये साहेबांच्या विटांबद्दल मला कधी कृतज्ञतासुद्धा वाटली नव्हती. इथे ज्याचं नाव वाचता येत नाही अशा माणसाशी माझं वैर आहे.

आणि मायाही आहे. हे डेमध्ये झाडं काही वेळा फळं देऊन मरतात. वाळलेल्या झाडावर पाटी लावून मदत मागता येते, आणि कोणीही येऊन ते जगवू शकतं. माझी सफरचंदाची झाडं कितीतरी वेळा अनोळखी माणसांनी जगवली आहेत. जगवणाऱ्याला थोडं बक्षीस मिळतं, त्यामुळे हे अगदी निःस्वार्थ असतं असं नाही. पण माझं शेत शोधून, पाटी बघून, त्याने ते केलेलं असतं. उलट मी जर एक बोल्ट एका नाण्याला ठेवला तर माझ्याकडून खरोखर एक बोल्ट गेलेला असतो. मी तो गव्हाच्या किती कापण्यांतून मिळवला ते मलाच ठाऊक. जिथे किंमत आहे तिथेच सोडून देता येतं.

हे सगळ्यात ठळक दिसलं ते 2020 च्या टाळेबंदीत, आणि तेही वेगळ्याच खेळात. निन्तेन्दोचा ‘अ‍ॅनिमल क्रॉसिंग: न्यू होरायझन्स’ 20 मार्च 2020 ला जगभर आला. त्याचा यंत्रसंच आपल्याकडे तेव्हा अधिकृतपणे मिळत नव्हता, त्यामुळे आमच्या घरात तो पोचला न्यू जर्सीच्या बहिणीच्या मुलीकडून, व्हिडिओ कॉलवर. ती कॅमेरा टीव्हीकडे वळवायची आणि आम्हाला सलगमचा भाव सांगायची. त्या खेळात दर रविवारी सकाळी डेझी मे नावाचं डुकराचं पिल्लू सलगम विकायला येतं, नगाला 90 ते 110 ‘बेल’च्या दरम्यान. घेतलेला माल पुढच्या रविवारच्या आत बेटावरच्या दुकानात काढायचा, नाहीतर सडतो. दुकानाचा भाव दिवसातून दोनदा बदलतो, दुपारी बारापूर्वी एक आणि नंतर एक. बहुतेक आठवडे तो पडतच जातो. पण कधीतरी एखाद्या बेटावर 600 च्या पुढे उसळतो. आणि मग त्या बेटाचा मालक आपला विमानतळ उघडतो, पाच अक्षरांचा संकेत देतो, आणि लोक रांग लावतात. कुठले कुठले लोक पोती घेऊन येतात, माल काढतात, जाताना बेलची थैली किंवा विमानाचं तिकीट दारात ठेवून जातात. ठेवलंच पाहिजे असा खेळाचा नियम नाही. भाचीने एकदा कुणाच्या तरी बेटावर चांगला नफा केला आणि ठेवायला काही नव्हतं म्हणून पेअरची सगळी टोपली ओतून आली. तिची आई, म्हणजे जी मला मध्यरात्री खत घालायची ती, पलीकडून ओरडली, ‘अगं, निदान नाव तरी लिहून यायचं!’

याच खेळाच्या बँकेने एप्रिल 2020 मध्ये ठेवींवरचं व्याज कापलं, आणि लंडनच्या ‘फायनान्शियल टाइम्स’ने त्याची बातमी केली. घड्याळ पुढे सरकवून व्याज खाणारे फार झाले होते. बँकेने ग्राहकांना भरपाई म्हणून पैशाच्या थैलीचं चित्र असलेली एक सतरंजी दिली. आपल्या बँका तेवढंही करत नाहीत.

गंमत म्हणजे या मालिकेचा पहिला खेळ 2001 मध्ये जपानात आला तेव्हा त्यात इंटरनेट नव्हतं. कात्सुया एगुची या निर्मात्याने तो सुचण्याचं कारण सांगितलंय: चिबाहून कामासाठी क्योटोला आल्यावर घरच्यांची, मित्रांची सोबत तुटली, ती आठवली. एका कुटुंबातली चार माणसं एकाच गावात घरं करायची, पण एका वेळी एकानेच खेळायचं. मुलगी दुपारी खेळून बापासाठी काहीतरी ठेवून जायची, बाप रात्री उशिरा येऊन ते उचलायचा. लांबच्या मित्राला वस्तू द्यायची तर गेमक्यूबवरच्या आवृत्तीत दुकानदार एक लांबलचक अक्षरांचा संकेत करून द्यायचा, तो कागदावर उतरवून मित्राला कळवायचा. एक अक्षर चुकलं की वस्तू गेली. फार्मव्हिलच्या गाईपेक्षा त्या संकेतात कितीतरी जास्त श्रम होते.

स्टार्ड्यू व्हॅलीने याच्याही पुढचं केलं. एकट्याच्या शेतीचा तो खेळ 2016 चा. 2018 मध्ये त्यात चौघांनी मिळून शेती करायची सोय आली, आणि पैशाचा गल्ला सगळ्यांचा एकच. एकजण बी घ्यायला पैसे बाजूला ठेवतोय आणि दुसऱ्याने तेवढ्यात टोपी घेतली, हे रोजचं. पुढच्या वर्षी पैसे वेगळे करायचा पर्याय आला: गावच्या महापौराच्या घरी एक वही असते, तिथे जाऊन वाटणी करायची. रात्रीतून वाटणी होते, आणि पुन्हा एकत्र यायचं म्हटलं तर तेही होतं. आमच्या मळ्याच्या वाटणीला जितकी वर्षं आणि जितके वकील लागले ते आठवून मी तो पर्याय बराच वेळ नुसता बघत बसले होते.

तर मागचं चांगलं की आताचं, असं कोणी विचारलं तर माझं उत्तर ठरलेलं नाही. तेव्हा माणसं ओळखीची होती आणि वस्तू फुकटच्या. आता वस्तूंना मोल आहे आणि माणसं कोण आहेत ते कळत नाही. दोन्ही एकत्र सापडणं अवघड, पण वहिनींनी ते जमवलं. हे डेमध्ये 30 जणांपर्यंत मिळून एक नेबरहूड करता येतं; तिथे मात्र आपापसात बोलता येतं. वहिनींच्या नेबरहूडमध्ये सांगली, इचलकरंजी, बेळगाव, शारजा आणि मस्कतची माणसं आहेत, बहुतेक नात्यातली किंवा नात्यातल्यांच्या ओळखीची. दर मंगळवारी डर्बी सुरू होते. प्रत्येकाने कामं करायची, मग गुण, मग बक्षीस. वहिनी प्रमुख. त्यांच्याकडे नियम आहेत. मागायला लाज नाही, पण नुसतं मागायचं नाही. एका नाण्याला ठेवलेला माल ज्याच्यासाठी ठेवला त्यानेच घ्यायचा, आणि ‘ठेवलाय’ म्हटल्यावर लगेच यायचं, बाहेरचं कोणी उचलण्याआधी. ‘ताई, दोन फळ्या मांडल्यात, धावा’ असा निरोप पडला की शारजाहून कोणीतरी धावतं. मुदतीच्या आधी सांगितल्याशिवाय डर्बी बुडवायची नाही. घरात लग्न असेल तर सूट. परीक्षा असेल तर सूट नाही, कारण परीक्षा असताना फोन हातात कशाला.

त्या नियमाखाली त्यांनी गेल्या महिन्यात स्वतःच्या मुलाला काढला. दोन डर्ब्यांत त्याने एक काम केलं नव्हतं. तो त्याच घरात, पलीकडच्या खोलीत असतो. दादा म्हणाले, अगं, पोरगा आहे. वहिनी म्हणाल्या, जेवायला वाढतेय ना? आता तो कुठल्या तरी ब्राझिलियन लोकांच्या नेबरहूडमध्ये आहे, त्यांचं एक अक्षर त्याला कळत नाही, आणि बोल्ट लागले की आईच्या दुकानातून घेतो, पूर्ण भावाने.